निवृत्त बचावपटूला पुन्हा बोलावणे येते तेव्हा

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळचे रुग्ण संपत आले होते. एक गृहस्थ आत आले आणि खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "डॉक्टर, मला काही झालेलं नाही. फक्त सही आणि शिक्का पाहिजे."

कागद शारीरिक तंदुरुस्तीच्या दाखल्याचा होता. वय ४६. नोकरी नाशिक रोडच्या बाजूला, दिवसभर खुर्चीत बसण्याची. तरुणपणी देवळाली कॅम्पच्या मैदानांवर फुटबॉल खेळलेले. बचावफळीत, अगदी मधोमध, जुन्या मंडळींच्या भाषेत 'स्टॉपर'. बारा वर्षांपूर्वी खेळ सुटला. आता त्यांच्या खात्याच्या संघाचा नेहमीचा स्टॉपर गुडघा मुरगळून घरी बसला होता, स्पर्धा दोन आठवड्यांवर आली होती आणि सगळ्यांना आठवण झाली ती यांची.

"मी नाहीच म्हणत होतो. पण सगळे घरी आले. म्हणाले, तुम्ही फक्त मागे उभे राहा, पळायचं काम पोरं करतील."

आणि मग त्यांनी मला ते वाक्य ऐकवले, जे अशा वेळी प्रत्येक जण ऐकवतो. "डॉक्टर, तो सुनील छेत्री चाळिसाव्या वर्षी परत आला की नाही? आपल्या देशाचा संघ जुन्या खेळाडूला परत बोलावतो, मग आमच्या खात्याने बोलावलं तर काय बिघडलं?"

प्रश्न वाजवी होता. त्याचे उत्तर मी त्यांना जरा तुटकपणे दिले, कारण बाहेर दोन तापाची मुले खोळंबली होती. आज वाचकांसाठी ते सविस्तर लिहितो. आपल्या जिल्ह्यात दिवाळीनंतर मैदाने भरू लागतात. खात्यांच्या, कारखान्यांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या स्पर्धा होतात आणि त्यांत चाळिशी ओलांडलेले कितीतरी जण 'एकच सामना' म्हणून उतरतात.

आधी छेत्रीची गोष्ट नीट पाहू. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्धचा सामना खेळून त्याने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. मार्च २०२५ मध्ये प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी त्याला परत बोलावले आणि १९ मार्चला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. भारताने तो सामना ३-० असा जिंकला. त्यातला पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा होता आणि तो बचावपटू आहे, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही. असो. बचावपटूंच्या नशिबी हे असतेच.

पण छेत्री आघाडीचा खेळाडू. आमच्या गृहस्थांना लागू पडणारे उदाहरण दुसरे आहे, ते अनस एडथोडिका याचे. हा मूळचा केरळचा, परंतु त्याची उमेदीची वर्षे महाराष्ट्रात गेली. मुंबई एफसीकडून तो खेळला आणि नंतर २०११ ते २०१५ पुणे एफसीकडून. बालेवाडीच्या मैदानावर त्याला पाहिलेले वाचक आपल्यातही असतील. राष्ट्रीय संघात त्याला पहिली संधी मिळाली ती २०१७ मध्ये, वयाच्या तिशीत. जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषकात शारजा येथे बहारीनविरुद्धच्या सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच तो दुखापतीने बाहेर गेला. भारत शेवटच्या क्षणी पेनल्टीवर हरला. लगेच दुसऱ्या दिवशी अनसने आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्ती जाहीर केली. तेव्हा तो बत्तिशीला टेकला होता.

पुढे मे महिन्यात इगोर स्टिमाच हे नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी त्याला पुन्हा शिबिरात बोलावले. ऑक्टोबरमध्ये बांगलादेशविरुद्धच्या सामन्याच्या तोंडावर संघाचा आधारस्तंभ संदेश झिंगन याच्या गुडघ्याचा अस्थिबंध सराव सामन्यात तुटला. १५ ऑक्टोबर २०१९ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर बचावफळीच्या मध्यभागी अनस आणि गोव्याचा आदिल खान उभे राहिले. सामना १-१ असा सुटला आणि बरोबरीचा गोल अखेरच्या मिनिटांत आदिलने डोक्याने केला.

म्हणजे पाहा, नेहमीचा स्टॉपर गुडघ्याने गेला आणि निवृत्त झालेल्याला उभे राहावे लागले. आमच्या गृहस्थांची कथा तंतोतंत तीच. मग फरक कुठे आहे?

फरक एका शब्दात आहे. अनस निवृत्त झाला तो राष्ट्रीय संघातून, खेळातून नव्हे. त्या सगळ्या महिन्यांत तो व्यावसायिक क्लबचा खेळाडू होता. रोजचा सराव, ठरलेला आहार, संघाचा डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट हे सारे चालूच होते. छेत्रीही बंगळुरूच्या संघातून सतत खेळत होता. २००४ मध्ये निवृत्त झालेले फ्रान्सचे लिलियन थुराम, क्लॉड मॅकेलेले आणि झिनेदिन झिदान २००५ मध्ये परतले आणि त्यांनी संघाला २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. त्यांतील थुराम बचावपटू, वय ३४. पण तेही तिघे युरोपातील मोठ्या क्लबांतून दर आठवड्याला खेळतच होते. वर्तमानपत्रात 'निवृत्तीनंतर पुनरागमन' असा मथळा येतो तेव्हा सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर घरी सोफ्यावर बसलेला माणूस उठून मैदानात गेल्याचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात तो माणूस सोफ्यावर बसलेलाच नसतो. आमचे गृहस्थ बारा वर्षे बसले होते.

सराव थांबला की शरीरात काय होते? पहिली घट फार लवकर सुरू होते. दोन-तीन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण कमी होते. त्यामुळे हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडते आणि तेच काम करण्यासाठी ठोके वाढवावे लागतात. स्नायूंनी प्राणवायू वापरण्याची क्षमताही उतरू लागते. तिशीनंतर व्यायाम न करणाऱ्या माणसात ही क्षमता दर दहा वर्षांना साधारण दहा टक्क्यांनी घटते. नियमित सराव ठेवणाऱ्यात ही घट बरीच मंद असते. शिवाय स्नायूंतील जे तंतू झटक्यात आकुंचन पावतात, म्हणजे ज्यांच्या बळावर आपण उडी मारतो किंवा एकदम वेग घेतो, तेच वयाबरोबर आधी रोडावतात. म्हणून पन्नाशीचा माणूस आठ-दहा किलोमीटर सहज चालतो, पण बस पकडायला वीस पावले धावला की त्याची पोटरी धरते.

आता बचावपटूचे काम पाहा. 'तुम्ही फक्त मागे उभे राहा' हे सांगणाऱ्यांनी कधी बचावात खेळलेले नसावे. वरच्या दर्जाच्या सामन्यात मध्यभागीचा बचावपटू नव्वद मिनिटांत नऊ-दहा किलोमीटर अंतर कापतो. मधल्या फळीतल्या खेळाडूपेक्षा हे थोडे कमी, हे खरे. पण अंतर हा त्याचा खरा त्रास नाहीच. बराच वेळ तो चालतो, सरकतो आणि मग एका क्षणात त्याला अंगाची गिरकी घेऊन, समोरच्या विशीतल्या पोराच्या बरोबरीने, आपल्याच गोलाकडे पूर्ण वेगाने धावावे लागते. कधी धावायचे ते तो स्वतः ठरवत नाही, समोरचा ठरवतो. आघाडीचा खेळाडू दमला तर एखादी चाल सोडून देऊ शकतो. स्टॉपरने एक धाव सोडली की गोल होतो आणि दहा जण त्याच्याकडे वळून पाहतात. त्या दहा जणांच्या लाजेपोटी माणूस छातीतली कळसुद्धा दाबून टाकतो.

धावण्यापेक्षा थांबणे अधिक अवघड. पूर्ण वेगातून एकदम थांबताना मांडीचा मागचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. याच क्षणी तो फाटतो. पाय जमिनीत रुतलेला आणि शरीर वळलेले अशा अवस्थेत गुडघ्यातील अस्थिबंध तुटतो. आणि पहिली झेप घेताना टाचेच्या मागची जाड कंडरा तुटते. या शेवटच्या दुखापतीचे वर्णन रुग्ण जवळजवळ एकाच वाक्यात करतात, "मागून कोणीतरी लाथ मारली असं वाटलं. वळून पाहिलं तर कोणीच नव्हतं." चाळिशीच्या आसपासचे, आठवडाभर बैठे काम करून रविवारी खेळणारे पुरुष हे या कंडरेचे ठरलेले गिऱ्हाईक.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण बहुतेकांची फसगत येथेच होते. सराव पुन्हा सुरू केला की दम तीन-चार आठवड्यांत सुधारल्यासारखा वाटतो. स्नायूंना सहा ते आठ आठवड्यांत बळ येऊ लागते. पण कंडरा आणि अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्यांना बळकट व्हायला काही महिने लागतात. परिणाम असा की महिनाभर गोल्फ क्लबच्या मैदानावर फेऱ्या मारलेल्या माणसाला आपण तयार झालो असे वाटते. त्याच्या दमाच्या मानाने ते खरेही असते. टाचेच्या कंडरेला मात्र अजून काही कळलेले नसते.

पण कंडरा तुटली तर माणूस प्लॅस्टर घालून घरी येतो. हृदयाची गोष्ट वेगळी.

मला एक जुनी चूक कबूल करायची आहे. व्यवसाय सुरू करून चार-पाच वर्षेच झाली होती. असाच एक दाखला घेऊन एक परिचित आले होते. वय ४३, अंगाने सडपातळ, हसतमुख. त्यांनाही जुन्या संघाने बोलावले होते. मी नाडी पाहिली, छाती तपासली, रक्तदाब पाहिला. तो ठीक होता. इकडच्या तिकडच्या गप्पा मारत सही केली. वडील कशाने गेले हे विचारले नाही. सिगारेट किती ओढता हे विचारले नाही. आठ दिवसांनी सामन्याच्या उत्तरार्धात ते कडेला येऊन बसले. छातीत जळजळ होते म्हणाले. कोणीतरी ॲसिडिटीची गोळी दिली. सामना संपल्यावर स्वतः स्कूटर चालवत घरी गेले, आंघोळ करून जेवले आणि झोपले. पहाटे चार वाजता त्यांचा मुलगा माझे दार वाजवत होता. मी पोहोचलो तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. वडील पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेले होते, हे मला त्या दिवशी अंगणात जमलेल्या नातेवाइकांकडून समजले.

त्यानंतर मी तसा दाखला कधी उभ्याउभ्या दिलेला नाही. त्यामुळे काही मंडळी माझ्यावर रागावून दुसरीकडे जातात, त्याला माझा इलाज नाही.

साधारण पस्तिशीच्या आतील खेळाडूचा मैदानावर मृत्यू झाला तर कारण बहुधा जन्मजात किंवा आनुवंशिक असते. हृदयाचा स्नायू वाजवीपेक्षा जाड असतो किंवा हृदयाच्या विद्युत्प्रवाहात दोष असतो. कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फोए २६ जून २००३ रोजी फ्रान्समधील लिऑन येथे सामना चालू असताना कोसळला आणि गेला. वय अवघे २८. त्याच्या हृदयाचा स्नायू असाच जाड झालेला आढळला. पस्तिशीनंतर मात्र मुख्य कारण बदलते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतील चरबीचे थर हे ते कारण. थर हळूहळू साचतो आणि त्याचा त्रास होतोच असे नाही. पण अचानक जोराचे श्रम झाले की रक्तदाब उसळतो, शरीरात उत्तेजक द्रव्ये सुटतात, घामाने पाणी कमी होते आणि एखादा मऊ थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरते. वाहिनी काही मिनिटांत बंद. आपल्याकडे हा विकार पाश्चात्त्यांपेक्षा सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो. त्यामुळे त्यांच्या पन्नाशीला लावायचा सावधपणा आपण चाळिशीलाच लावायला हवा.

नियमित व्यायाम करणाऱ्याला हा धोका पुष्कळ कमी असतो, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर हा लेख वाचून कोणीतरी सकाळचे फिरणे बंद करायचा! धोका आहे तो सवय नसलेल्या शरीरावर एकाएकी टाकलेल्या जोराचा.

थुरामची कथा मी वर अर्धीच सांगितली. २००६ चा विश्वचषक, त्यानंतर २००८ ची युरोपीय स्पर्धा खेळून झाल्यावर तो पॅरिसच्या क्लबात जाणार होता. वय ३६. करारापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयात दोष आढळला. त्याच्या एका भावाचा बास्केटबॉल खेळताना तशाच दोषाने मृत्यू झाला होता, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. थुरामने खेळ थांबवला. फ्रान्ससाठी १४२ सामने खेळलेला हा माणूस. त्याच्याइतका कसून घडवलेला देह आपल्या पंचक्रोशीत सापडायचा नाही. तरीही तपासणी झाली, दोष सापडला आणि त्याने ते मानले. घरातल्या कोणाचा अकाली, अचानक मृत्यू झाला आहे का, हा प्रश्न म्हणूनच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची तपासणी आहे. त्याला यंत्र लागत नाही.

आता आमच्या गृहस्थांकडे येतो. मी कागद बाजूला ठेवला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. वडिलांना ५२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. सिगारेट "दोन-तीनच". अशा उत्तराला मी मनात दोनने गुणतो. रक्तदाब १५०/९६. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी केलेल्या तपासणीत साखर ११८, म्हणजे मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावर. इ.सी.जी. निर्दोष निघाला आणि त्यांचा चेहरा खुलला. "पाहा, मी म्हटलं नव्हतं?"

त्यांना सांगितले तेच येथे सांगतो. विश्रांतीच्या वेळी काढलेला इ.सी.जी. हा उभ्या गाडीचा फोटो आहे. घाट चढताना इंजिन तापते की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी चालत्या पट्ट्यावरची तणाव चाचणी करतात. पट्टा दर तीन मिनिटांनी अधिक वेगाने आणि चढावर फिरतो, छातीला तारा जोडलेल्या असतात आणि रक्तदाबही पाहिला जातो. हृदयाची रचना, झडपा आणि स्नायूची जाडी पाहायला टू-डी इको लागतो. या चाचण्याही देवाचा शब्द नव्हेत. अर्धवट अडलेली वाहिनी तणाव चाचणीत निसटू शकते, आणि कधीकधी निरोगी माणसाची चाचणी सदोष येऊन त्याची झोप उडते. म्हणून चाचणीचा कागद एकटा वाचायचा नसतो. वय, घराणे, साखर, रक्तदाब, तंबाखू आणि माणसाची तक्रार यांच्या जोडीने वाचायचा असतो.

आमच्या गृहस्थांनी पट्ट्यावर सात मिनिटे काढली. आलेखात बदल झाला नाही, पण दम पुरता लागला आणि रक्तदाब नको तितका चढला. निष्कर्ष असा की, हृदयविकाराचा पुरावा नाही, सरावाला सुरुवात करायला हरकत नाही, सामना मात्र नाही. किमान तीन महिने तरी नाही.

ते चिडले. "तीन महिन्यांनी स्पर्धा कुठे आहे? संघाला मी काय सांगू?" कागद टेबलावरच टाकून निघून गेले.

पुढच्या बुधवारी आले ते सौभाग्यवतींना घेऊन. म्हणजे खरे तर वहिनीच त्यांना घेऊन आल्या होत्या. त्यांना मी जो क्रम आखून दिला, तो थोडक्यात देतो. असाच प्रसंग आलेल्या वाचकांनी तो आपल्या डॉक्टरांना दाखवून मगच वापरावा.

पहिले चार आठवडे फक्त भरभर चालणे, आठवड्यातून पाच दिवस, तीस ते चाळीस मिनिटे. वेग इतका की सोबत्याशी बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये. सोबत रोज जिन्याच्या पायरीवर टाचा बाहेर ठेवून उभे राहायचे, कठड्याला धरून टाचा वर उचलायच्या आणि अगदी सावकाश खाली आणायच्या. उचलण्यापेक्षा खाली आणणे महत्त्वाचे, कंडरेला खरा व्यायाम तिथे मिळतो. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी एक जुना, कष्टाचा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरायचे आणि आपण कंबर न वाकवता हळूहळू पुढे झुकत जायचे. तोल सुटला की हात टेकायचे. नियमित केल्यास या स्नायूच्या दुखापती सुमारे निम्म्यावर येतात, असे फुटबॉलपटूंवरील अभ्यासांतून दिसले आहे. पहिल्या आठवड्यात मांड्या असह्य दुखतात, म्हणून सुरुवात चार-पाचच वेळा करण्यापासून करावी. पाचव्या आठवड्यापासून संथ धावणे, आठव्यापासून छोट्या वेगवान धावा आणि वळणे, चेंडू त्यानंतर. जागतिक फुटबॉल महासंघाच्या वैद्यकीय तज्ज्ञांनी '११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा, साहित्याविना करता येणारा तयारीचा व्यायाम बसवला आहे. आठवड्यातून दोनदा करणाऱ्या संघांत दुखापती एक तृतीयांशाच्या आसपास कमी झाल्याचे आढळले. आपल्याकडे मात्र सामन्याआधीची तयारी म्हणजे दोनदा हात फिरवणे आणि गोलावर दणादण चेंडू मारणे.

आणखी काही गोष्टी, जशा आठवतात तशा. अंगात ताप असताना किंवा विषाणूजन्य आजारातून उठल्यावर लगेच खेळू नये, हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते. दुखणे दाबण्यासाठी वेदनाशामक गोळी घेऊन मैदानात उतरू नये. वेदना हा पहारेकरी आहे, त्याला झोपवू नका. सामना संपला की झटकन बसू नये, पाच-दहा मिनिटे चालत राहावे, नाहीतर पायांतले रक्त खाली साचून चक्कर येते. आणि सामन्यानंतरची ती सिगारेट! दमलेल्या हृदयाच्या वाहिन्या आखडायला याहून वाईट वेळ नाही.

छातीच्या मधोमध दाब, जडपणा, जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, नेहमीपेक्षा अकारण जास्त दम, डोळ्यांसमोर अंधारी यांपैकी काहीही झाले तर खेळ तिथेच थांबवावा. श्रमाने येणारी आणि थांबल्यावर जाणारी 'ॲसिडिटी' ही ॲसिडिटी नव्हे, असे धरून चालावे. मधुमेह्यांना तर कळ न येताही झटका येतो. स्कूटर चालवत घरी जाऊ नये, १०८ ला फोन करावा.

आणि कोणी कोसळलाच, हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नीट चालत नाही, तर भोवती गर्दी करून कांदा हुंगवत बसू नका. छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांची टाच ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहा, मदत येईपर्यंत. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन भर सामन्यात कोसळला. त्याच्याकडे सर्वांत आधी धावलेल्यांत संघनायक सिमॉन किएर होता, तोही बचावपटू. काही क्षणांत वैद्यकीय पथकाने छातीवर दाब सुरू केला, विजेच्या धक्क्याचे यंत्र लावले आणि त्याचे हृदय परत चालू झाले. शरीरात तसेच छोटे यंत्र बसवून घेऊन तो पुढे खेळलाही. आपल्या किती मैदानांवर ते यंत्र आहे? स्पर्धेच्या करंडकांवर होणाऱ्या खर्चातून एखादे घ्यावे, असे मी दोन आयोजकांना सुचवून पाहिले. त्यांनी मला पुढच्या वर्षीच्या उद्घाटनाचे निमंत्रण दिले.

स्पर्धा गेल्या रविवारी झाली. आमचे गृहस्थ कडेला उभे राहून पोरांना ओरडत होते, असे वहिनींकडून कळले. संघ पहिल्याच फेरीत हरला. तीन गोल झाले, त्यांपैकी दोन वरून आलेल्या चेंडूवर. बुधवारी रक्तदाब तपासायला आले तेव्हा आकडा १३८/८८ होता. पट्टा सोडवत असताना ते म्हणाले, "डॉक्टर, ते दोन्ही चेंडू मी डोक्याने काढले असते." मी काही बोललो नाही. काढलेही असते कदाचित. दाखल्याचा कोरा कागद माझ्या खणात आहे. टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम पंधरावर गेला आहे आणि सिगारेट अजून एक उरली आहे, जेवणानंतरची.

(पुढील लेखात : गुडघ्यातील कूर्चेची झीज आणि जिना)